परशू, सुळा आणि पाचवा भाग

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सेवाग्रामचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. कूलरमध्ये पाणी भरून, दारं-खिडक्या लावून आम्ही घरात बसलो होतो. नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारी भाची सुटीत आली होती आणि तिने टीव्हीला आपलं प्लेस्टेशन जोडलं होतं. मी मागे पलंगावर पुस्तक घेऊन पडलो होतो. एकाएकी ती म्हणाली, "मामा, ते हळेबीड तुम्ही पाहिलंय ना? जरा इकडे बघा बरं."

पोटापाण्यासाठी मी वर्ध्याला हिशेब लिहितो. मंदिरशिल्पाचा नाद पंचवीस वर्षांपासूनचा. कोणत्या विद्यापीठात शिकलो नाही, पुस्तकं वाचत आणि देवळं पाहत गेलो. हळेबीड दोनदा पाहून झालं आहे. पडद्यावर मात्र घनदाट रान, कोसळणारे धबधबे आणि डोंगराएवढ्या पाषाणमूर्ती दिसत होत्या. "हे हळेबीड नव्हे," मी म्हणालो; पण पुस्तक बाजूला ठेवून बसलो तो रात्री जेवायलाच उठलो. चार संध्याकाळी तो खेळ पाहण्यात गेल्या. मग भाचीने त्याच मालिकेतले आधीचे चार भागही दाखवले. माझी सवय अशी की, काही पाहिलं की टिपणं काढायची. वही भरत गेली आणि तिच्यातून एक प्रश्न वर आला. एखाद्या कथेचा पुढचा भाग आधीच्यापेक्षा 'सुधारला' असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय सुधारलेलं असतं? या लेखात त्या प्रश्नाचा माग काढायचा आहे.

पाच पायऱ्या

ज्यांनी असे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. या प्रकाराला अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. हातातल्या यंत्राला दोन दांड्या असतात. एकीने पडद्यावरचं पात्र चालवायचं, दुसरीने नजर फिरवायची. बटणांनी उडी, पकड, झडप, गोळीबार. कथा सिनेमासारखी पुढे सरकते, पण कड्यावरचा पुढचा हात कुठे टाकायचा हे खेळणाऱ्याने ठरवायचं. चुकलं की पात्र दरीत, आणि पुन्हा तिथूनच सुरुवात. कथा ऐकणारा आणि कथा घडवणारा अशा दोन भूमिका एकाच माणसाकडे येतात. या प्रकाराची गंमत त्यात आहे आणि गोचीही त्यातच आहे.

आमच्या घरी चालू होता तो 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी', म्हणजे 'हरवलेला वारसा'. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातील नॉटी डॉग या संस्थेने तो २०१७ च्या ऑगस्टमध्ये काढला. मालिका २००७ पासूनची. पहिल्या भागात नॅथन ड्रेक नावाचा खजिन्याच्या मागे फिरणारा साहसवीर एल डोराडोच्या शोधात एका बेटावर जातो. गंमत आहे, पण तोचतोपणाही आहे. चढा, गोळ्या झाडा, पुन्हा चढा, पुन्हा गोळ्या झाडा. २००९ चा दुसरा भाग नेपाळ-तिबेटकडे वळला आणि तिथे मालिकेला सूर सापडला. धावत्या आगगाडीच्या डब्यांतून पुढे सरकत जाणारा त्यातला प्रसंग आजही नावाजला जातो. २०११ च्या तिसऱ्या भागाने ड्रेक आणि त्याचा वडीलधारा मित्र सली यांचं नातं उलगडलं. भव्य प्रसंगांची माळ मात्र इतकी मोठी झाली की दोरा कुठे कुठे दिसेनासा झाला. २०१६ च्या चौथ्या भागात ड्रेक निवृत्त गृहस्थ आहे. मेला असं समजलेला भाऊ परत येतो आणि त्याला पुन्हा वाटेला लावतो. इथे मादागास्करच्या मोकळ्या माळावर जीप फिरवता येते, आकडा टाकून दोराला लोंबकळता येतं. हा भाग लांबलचक आहे, काहीसा रेंगाळतोही.

'लॉस्ट लेगसी' आधी चौथ्या भागाची छोटी पुरवणी म्हणून योजला होता. वाढत वाढत तो स्वतंत्र खेळ झाला. तरी त्याची लांबी चौथ्याच्या निम्म्याच्या आसपासच राहिली. पहिली सुधारणा ही. आधीच्या भागाहून मोठं होण्याचा हट्ट त्याने सोडला.

आगगाडीत कोण चढतं

दुसरी सुधारणा नायकाची. ड्रेक इथे नाहीच. नायिका आहे क्लोई फ्रेझर. दुसऱ्या भागात ती नायकाची बेभरवशाची सोबतीण म्हणून आली होती. तिची अर्धी मुळं भारतात आहेत आणि तिचे वडील पुराणवस्तूंचे भारतीय अभ्यासक होते, या गोष्टीला या खेळात पहिल्यांदा खरं वजन मिळालं. गणेशाचा सोन्याचा सुळा शोधताना ते गेले, आणि आता लेक त्याच वाटेवर निघाली आहे. जोडीला नादीन रॉस. ही दक्षिण आफ्रिकेची, भाडोत्री सैनिकांची माजी प्रमुख. चौथ्या भागात ती प्रतिपक्षात होती आणि ड्रेकला तिने चांगलं बुकललंही होतं. म्हणजे दोन वेगवेगळ्या भागांतली कडेची दोन पात्रं उचलून पाचव्याने मध्यावर आणली.

त्यांच्यातला विश्वास हळूहळू जमतो. क्लोईने एक गोष्ट लपवलेली असते. ती उघड होताच बिनसतं, मग पुन्हा जुळतं. दगडांत अडकलेल्या एका हत्तीला सोडवून दोघी त्याच्या पाठीवरून रानातून जातात, तो प्रसंग मला फार आवडला. तिथे खेळणाऱ्याला करायला जवळजवळ काही नाही. हत्ती चालतो, दोघी बोलतात, आपण ऐकतो. पहिल्या भागाच्या कर्त्यांना एवढी उसंत घ्यायची हिंमत झाली नसती.

शेवट पुन्हा आगगाडीत आहे. वरवर पाहता ही दुसऱ्या भागाची नक्कल. चौथ्यातली जीपची झटापटही तिला जोडून दिली आहे. पण टिपणं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा लक्षात आलं की, दुसऱ्या भागात ड्रेक गाडीत चढला होता तो याच क्लोईला सोडवायला. इथे क्लोई स्वतः चढते. सुळ्याच्या बदल्यात बंडखोरांच्या म्होरक्याने बॉम्ब मिळवलेला असतो आणि तो गाडीने शहराकडे निघालेला असतो. ज्यासाठी इतका आटापिटा केला ते घेऊन निघून जायचं, की अनोळखी माणसांच्या शहरासाठी जीव धोक्यात घालायचा? क्लोई दुसरी वाट धरते, आणि अखेरीस सुळा विकायचा नाही, भारताच्या संस्कृती खात्याकडे द्यायचा असं ठरतं. जिला सोडवायचं होतं ती सोडवणारी झाली. ही सुधारणा नवं दृश्य उभं करून झालेली नाही. जुन्याच दृश्यातल्या माणसांच्या जागा बदलल्या आहेत.

आपला सह्याद्री, त्यांचा सह्याद्री

तिसरी सुधारणा जागेची. चौथ्या प्रकरणाचं नावच 'पश्चिम घाट' आहे. खेळ इथे वाट आखून देत नाही. उंचावरून मुलूख पाहायचा, क्लोईच्या हातातल्या नकाशावर पेनाने खुणा उमटतात, आणि कुठे आधी जायचं ते आपण ठरवायचं. मादागास्करचा माळ मोकळा वाटायचा, पण शेवटी एकाच बाजूला नेऊन सोडायचा. इथे चिखलातून जीप घसरवत, वाट चुकत, आडबाजूचं एखादं भग्न देऊळ आपणच शोधल्याचा आनंद मिळतो. आधीच्या भागातली अर्धीमुर्धी कल्पना पुढच्याने पुरी केली, तिचं हे चांगलं उदाहरण.

कोडीही कथेला बांधलेली आहेत. एका ठिकाणी परशू उगारलेले पुतळे आहेत. आपण एक उडी मारली की तेही वळतात, चुकीच्या जागी उभे राहिलात तर घाव बसलाच. दुसरीकडे पुतळ्यांचे भाग फिरवून भिंतीवर सावल्यांचं चित्र जुळवायचं आहे. पिंगुळीच्या ठाकरांचा सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ते कोडं ओळखीचं वाटेल.

या सगळ्याच्या मुळाशी जी कथा आहे ती आपल्याला पाठ आहे. परशुराम शिवाच्या भेटीला आला, दारात गणेशाने अडवलं, झगडा झाला, परशुरामाने परशू फेकला. तो परशू शिवाने दिलेला. बापाचं शस्त्र वाया जाऊ नये म्हणून गणेशाने तो घाव सुळ्यावर झेलला आणि एकदंत झाला. महाभारत लिहिताना लेखणीसाठी सुळा मोडला ही दुसरी कथा आपल्याकडे जास्त सांगतात; पण बापाच्या वारशाशी झगडणाऱ्या लेकीसाठी खेळाच्या कर्त्यांनी परशूची कथा निवडली, हे नेमकं झालं. आधीच्या भागांत खजिना म्हणजे खजिना, एल डोराडो काय आणि चाच्यांचं सोनं काय. पाचव्यात खजिन्याची कथा आणि नायिकेची कथा एकच आहे.

आता हळेबीडबद्दल. खेळातली वास्तू होयसळांची म्हणून दाखवली आहे, पण होयसळांचं खरं वैभव उंचीत नाही. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ चं, विष्णुवर्धनाच्या काळातलं. हळेबीडचं होयसळेश्वर त्यानंतर थोड्याच वर्षांत सुरू झालं. दोन्ही कर्नाटकाच्या हासन जिल्ह्यात, घाटाच्या ऐन गर्द रानात नव्हे, त्याच्या पूर्वेच्या मोकळ्या मुलखात. दोहोंवर आज शिखर नाही. तारकाकृती जोत्यावर पसरलेली ही बुटकी मंदिरं जवळ जाऊन, वाकून पाहायची. दगड मऊ, ताजा असताना सहज कोरला जाणारा, म्हणून बोटाएवढ्या दागिन्यातली जाळीही त्यात उतरली. खांब कातल्यासारखे गुळगुळीत. कारागिरांनी मूर्तीखाली स्वतःची नावं कोरून ठेवली आहेत. खेळातल्या डोंगरात कोरलेल्या अजस्र मूर्ती आणि त्यांच्या पायथ्याचे धबधबे मात्र कल्पनेतले आहेत. सूक्ष्मतेसाठी प्रसिद्ध असलेल्या शैलीला भव्यतेचा साज चढवला आहे.

मराठी वाचकाला होयसळ परके नाहीत. देवगिरीच्या यादवांचे ते दक्षिणेकडचे शेजारी आणि वैरी. बाराव्या शतकाच्या अखेरीस वीर बल्लाळाने भिल्लमाचा पराभव केला, पुढे सिंघणाने त्याची भरपाई केली. १३११ मध्ये मलिक काफूर द्वारसमुद्रावर, म्हणजेच हळेबीडवर चालून गेला, तो देवगिरीच्या वाटेनेच. हा सगळा इतिहास खेळाच्या आसपास आहे. पण खेळाला त्यातलं फारसं नको आहे.

मला खटकलं ते दुसरंच. खेळातल्या पश्चिम घाटात माणूस नाही. बंदूकधारी आहेत, पण एक वाडी नाही, गुरं नाहीत, पाणी भरणारी बाई नाही. सुरुवातीच्या शहरात मीनू नावाची चुणचुणीत पोर भेटते, बाजार आहे, गर्दी आहे. घाट लागला की वस्ती संपते. ज्याने सह्याद्रीत एक मुक्काम केला आहे त्याला ठाऊक असतं की, कितीही आडरानात गेलं तरी कुणीतरी गुराखी 'कुठले पाव्हणं?' म्हणून विचारतोच. हा दोष पाचव्या भागाने आधीच्या चारांकडून जसाच्या तसा घेतला आहे. तिथेही भग्न नगरं अशीच रिकामी असतात.

गोंदियाकडचा एक उत्तरभाग

इथे मला एका जुन्या विदर्भकराची आठवण झाली. भवभूतीने आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं असल्याचं स्वतःच सांगितलं आहे. ते पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पदमपूर, असं वा. वि. मिराशींनी दाखवलं. आठव्या शतकातल्या या नाटककाराने रामावर दोन नाटकं लिहिली. 'महावीरचरित' हे वीररसाचं. त्यात परशुरामाशी झालेल्या संघर्षाला मोठी जागा आहे. 'उत्तररामचरित' हा त्याचा पुढचा भाग, आणि संस्कृत साहित्यात उत्तरभाग कसा असावा याचा हा पाठच म्हणावा लागेल.

हे नाटक सुरू होतं चित्रं पाहण्याने. राम, सीता आणि लक्ष्मण भिंतीवरच्या चित्रांत स्वतःचंच पूर्वचरित्र पाहतात. आधीचा भाग अशा रीतीने डोळ्यांपुढे ठेवून मग भवभूती त्याने न विचारलेला प्रश्न विचारतो. रावणावर विजय मिळाला. पण सीतेचं काय झालं? वीरकथा करुणेकडे वळते.

याच पहिल्या अंकात जृंभकास्त्रांचा उल्लेख येतो. विश्वामित्राकडून रामाला मिळालेली ही अस्त्रं तुझ्या अपत्यांकडे जातील, असं राम सीतेला सांगतो. पुढे पाचव्या अंकात लव रामाच्या सैन्यावर तीच अस्त्रं सोडतो. सैन्य मरत नाही, जागच्या जागी ताटकळून उभं राहतं, भारल्यासारखं. नंतर लव आणि चंद्रकेतू यांचं द्वंद्व होतं, तेही प्रेक्षकांपुढे न दाखवता एका विद्याधर जोडप्याच्या तोंडून ऐकवलं जातं, आणि राम येताच ते थांबतं. जृंभकास्त्र या मुलाकडे कसं आलं, या प्रश्नापासून बापलेकांच्या ओळखीची सुरुवात होते.

बापाचं शस्त्र लेकराकडे येतं आणि त्यातून नातं उजेडात येतं, हा धागा गणेशाच्या सुळ्यातही आहे, क्लोईतही आहे. भवभूती मात्र आणखी एक पाऊल पुढे गेला. त्याने शस्त्राचं काम बदललं. मारणारं अस्त्र घेण्याऐवजी थांबवणारं अस्त्र घेतलं, आणि त्यामुळे शेवटी जे भेटायचे आहेत त्यांच्यामध्ये प्रेतांचा ढीग उरला नाही.

वहीतलं एक पान

आता माझ्या वहीतलं एक पान. सेवाग्रामात राहून बंदुकांचे खेळ काय पाहता, असं एका स्नेह्यांनी मला विचारलं. प्रश्न योग्य होता. तेव्हा मी एक संध्याकाळ निव्वळ मोजणी केली. भाचीच्या हातून एक माणूस मेला की एक उभी रेघ, पाचवी आडवी. जेवणाची हाक येईपर्यंत पान भरलं होतं.

या मालिकेबद्दलचा हा जुना आक्षेप आहे. पडद्यावरचा ड्रेक मिश्कील, प्रेमळ, मित्रांसाठी जीव टाकणारा. खेळणाऱ्याच्या हातातला ड्रेक शेकडो माणसं मारून पुढच्या प्रसंगात विनोद करणारा. कथा एक सांगते आणि खेळ दुसरंच करायला लावतो. या विसंगतीला क्लिंट हॉकिंग या खेळरचनाकाराने २००७ मध्ये, 'बायोशॉक' या दुसऱ्याच एका खेळावर लिहिताना, 'ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' असं नाव दिलं. 'अनचार्टेड'च्या कर्त्यांच्या कानावर ही टीका गेली होती, याचा पुरावा खेळातच आहे. चौथ्या भागात एक हजार शत्रू मारले की खेळणाऱ्याला एक बक्षीस मिळतं आणि त्या बक्षिसाचं नाव नेमकं हेच ठेवलं आहे! चूक कळली, पण तिच्यावर हसून ते पुढे गेले.

पाचव्यात काही फरक पडला का? थोडा. क्लोईजवळ आवाज न होणारं पिस्तूल आहे, कुलपं उघडायची तिला कला आहे, उंच गवतात दबा धरून जाता येतं. मी भाचीला म्हणालो, "कोणाला न मारता जाऊन दाखव बरं." तिने मनापासून प्रयत्न केला. काही ठिकाणी जमलं. पुष्कळ ठिकाणी समोरचे सगळे आडवे झाल्याशिवाय वाटच मिळाली नाही. आणि गवतातून जाऊन मागून गळा धरला तरी रेघ ती रेघच. दोन-तीनदा प्रयत्न फसल्यावर ती म्हणाली, "मामा, मला नाही मारायचं, पण या गेमला दुसरं काही येतच नाही."

वहीत मी हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेली आणि आमच्या गावात रुजलेली नयी तालीम याच एका गोष्टीवर उभी होती. हात जे करतात ते मन शिकतं. सूत कातताना गणित येतं ते पुस्तकातल्यापेक्षा पक्कं बसतं. मग हातांनी आठ तास जे केलं त्याच्यापुढे शेवटच्या पाच मिनिटांतल्या त्यागाची शिकवण कितीशी टिकणार? क्लोईने शहर वाचवलं, हे खरं. तिने सुळ्याचा मोह सोडला, हेही खरं. पण खेळणाऱ्याच्या हातांना त्यातलं काहीच करावं लागलं नाही. ते निर्णय कथेने आपोआप घेतले. हातांच्या वाट्याला फक्त चाप आला. ज्या कथेत गणेश उलटा वार करत नाही, घाव स्वतःवर घेतो, तिच्यावर उभारलेल्या खेळात घाव झेलण्यासाठी एकही बटण नाही.

माझ्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर एवढंच. पुढचा भाग तीन तऱ्हांनी सुधारतो. एक, आधीच्यात अर्धं राहिलेलं पुरं करून. घाटाचा मोकळा मुलूख आठवा. दोन, आधीच्यात कडेला ठेवलेल्यांना मध्ये आणून. क्लोई आणि नादीन. या दोन्ही बाबतींत 'लॉस्ट लेगसी' मालिकेतला सर्वांत नेटका भाग आहे, असं माझं मत झालं. तिसरी तऱ्हा म्हणजे आधीच्याने जे गृहीत धरलं होतं त्यालाच हात घालणं. ते सर्वांत अवघड. भवभूतीने ते केलं, नॉटी डॉगने केलं नाही.

हे आपल्याशी संबंधित नाही असं समजू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ आणला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक सर्कशीतली मुलगी, निवेदनाला दुर्गा आणि विष्णू, कथेचे काही भाग सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेले. खेळ देखणा आहे, पण लहान, आणि शेवट ऐन भरात तुटल्यासारखा. आपल्या पुराणांवरचे असे खेळ आता आपल्याच शहरांत घडू लागले आहेत. त्यांचे पुढचे भाग निघतील तेव्हा चित्रं अधिक रेखीव होतील, मैदानं मोठी होतील, याबद्दल मला काळजी नाही. त्या राजीच्या हाती कोणतं अस्त्र द्यायचं, हे ठरवताना आमगावजवळच्या त्या जुन्या नाटककाराचं कुणीतरी एकदा वाचावं, इतकीच इच्छा आहे.

भाची जूनमध्ये नागपूरला परत गेली. जाताना तिने रेघांचं ते पान वहीतून काढून मागितलं. कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून एक छोटा खेळ बनवायचा आहे म्हणाली. जृंभकास्त्र कसं लिहायचं, हेही तिने मला विचारून त्याच पानाच्या मागे टिपून घेतलं.